देहातील स्नेह आणि प्राणवायू
(भोपाळ येथे मठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



देवापुढे तेवणारे निरांजन आणि तेलाच्या गोदामाला लागलेली आग या दोहोंत रसायनशास्त्राच्या दृष्टीने मूलतः भेद नाही. दोन्ही ठिकाणी स्निग्ध द्रव्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होत असतो. भेद आहे तो मर्यादेचा. निरांजनातील तूप वातीच्या टोकाशी अल्प प्रमाणात पोचते, तेथेच जळते आणि प्रकाश देते. गोदामात ती मर्यादा सुटलेली असते. परंतु याच संयोगाचे तिसरेही एक रूप आहे आणि ते प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचे आहे. डब्यात ठेवलेले लाडू महिन्या-दोन महिन्यांनी खवट लागू लागतात. तेथे ज्वाला दिसत नाही, धूर निघत नाही. तथापि लाडवातील तूप आणि हवेतील प्राणवायू यांचे कार्य आतल्या आत चाललेले असते. हाच खवटपणा मनुष्याच्या देहातही उत्पन्न होतो, त्यामुळे देहातील सूक्ष्म पेशी मरतात आणि अनेक व्याधींत त्याचा हात असतो, ही गोष्ट मात्र पाकशाळेतील अनुभवावरून सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भोपाळसारख्या नगरात, जेथे एका रात्रीत लक्षावधी लोकांच्या फुप्फुसांवर घाला पडला, तेथे तर हा विषय केवळ ज्ञानाचा राहत नाही.

स्निग्ध पदार्थ खवट कसे होतात याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १८२० च्या सुमारास पाण्यावर अक्रोडाच्या तेलाचा थर पसरून, ते किती हवा शोषून घेते हे पाऱ्याच्या साधनाने मोजले. पहिल्या आठ महिन्यांत तेलाने आपल्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट हवा घेतली. त्यानंतरच्या अवघ्या दहा दिवसांत मात्र त्याने साठपट हवा शोषली! तेल घट्ट झाले आणि त्याला दुर्गंधी सुटली. आठ महिने स्वस्थ दिसणारे तेल दहा दिवसांत असे का बिघडावे? याचे उत्तर त्या काळी कोणास देता आले नाही. परंतु साऱ्या विषयाचे मर्म त्या दहा दिवसांत साठवलेले आहे.

तेलातुपाच्या रेणूत कर्बाच्या अणूंची लांब माळ असते. काही माळांत अणूंचे दुवे सारे एकेरी असतात. अशी स्निग्ध द्रव्ये टिकाऊ आणि थंडीत गोठणारी असतात. तुपात यांचे प्रमाण मोठे. इतर माळांत मधूनमधून दुहेरी दुवे येतात. जवस, करडई, अक्रोड यांच्या तेलांत ते विपुल. दोन दुहेरी दुव्यांच्या मधल्या कर्बाशी जोडलेला हायड्रोजनचा अणू सैल असतो. एखाद्या उच्छृंखल कणाने तो हिरावून नेला की ती माळ स्वतःच उच्छृंखल बनते, प्राणवायूचा रेणू स्वतःस चिकटवून घेते आणि आपली उणीव भरून काढण्यासाठी शेजारच्या माळेचा हायड्रोजन ओढून घेते. शेजारची माळ पुढच्या शेजाऱ्याकडे वळते. चाळीतील एका घराची आग दुसऱ्या घराच्या छपरास लागावी, तसा हा प्रकार. आरंभी अशा माळा थोड्या असतात म्हणून आठ महिने काही घडल्याचे दिसत नाही. परंतु आतल्या आत त्यांनी केलेली संयुगे फुटून नव्या ठिणग्या पडू लागल्या की दहा दिवस पुरेसे होतात. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोठे दडपून ठेवला तर तो कधी कधी आपोआप पेट घेतो, हे सुतारकाम व रंगकाम करणाऱ्यांस ठाऊक आहे. तेही याच साखळीचे फळ होय.

ही साखळी तोडण्याच्या काही युक्ती आपल्या घरांत शास्त्राची वाट न पाहता रूढ झाल्या. लोणी कढवताना त्यात विड्याचे पान टाकण्याची रीत मराठी घरांतून आजही आहे. त्या पानात फिनॉल जातीची द्रव्ये असतात. ती आपला हायड्रोजन त्या उच्छृंखल माळेस देऊन टाकतात आणि स्वतः मात्र पुढे कोणाकडे मागत नाहीत, म्हणून साखळी तेथेच खुंटते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याचा प्रघातही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कल्हईचा मुख्य हेतू आंबट पदार्थ कळकू नयेत हा होता, हे खरे. परंतु तांबे आणि लोह हे धातू स्निग्ध द्रव्यांचा खवटपणा फार वेगाने वाढवतात आणि कथिलाचा थर त्यांस स्निग्धापासून दूर ठेवतो, हाही लाभ त्यातच आला.

आता पाकशाळेतून देहाकडे वळले पाहिजे. मानवी देहातील प्रत्येक पेशीभोवती एक पापुद्रा असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. हा पापुद्रा मुख्यतः स्निग्ध द्रव्यांच्या दुहेरी थराचा बनलेला असतो आणि तो लवचीक राहावा म्हणून त्यात दुहेरी दुव्यांच्या माळा विपुल असतात. म्हणजे जी माळ सर्वांत लवकर खवटते, तिच्यावाचून पेशीचे जिणेच चालत नाही. मेंदूतील पाणी वगळले तर उरलेल्या वजनाचा सुमारे अर्धा भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. संस्कृतात तेलतुपालाही ‘स्नेह’ म्हणतात आणि जिव्हाळ्यालाही. पेशींचे अस्तित्व अशा स्नेहावर अवलंबून असावे, ही योजना विचारी माणसास मौजेची वाटेल.

ज्या प्राणवायूवर हा देह चालतो, तोच या स्नेहाचा वैरीही आहे. पेशीच्या आत अन्नाचे ज्वलन अखंड चालू असते. ते बहुतांशी निरांजनासारखे मर्यादित असते. परंतु त्यातून प्राणवायूचा थोडा अंश उच्छृंखल रूपात बाहेर निसटतो. देहात तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यातील मोकळ्या लोहाची आणि पेशीत निर्माण होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडची गाठ पडली की अत्यंत दाहक कण उत्पन्न होतो. लोहाच्या या करणीचा शोध हेन्री फेंटन या इंग्रज रसायनज्ञाने १८९४ साली लावला. पापुद्र्यातील स्नेहास ठिणगी लागते ती बहुधा अशी.

मग मनुष्य क्षणोक्षणी खवटत का नाही? कारण देहाने पहारे बसवले आहेत. पहिला पहारेकरी जीवनसत्त्व ई. बर्कली येथे इव्हान्स आणि बिशप यांनी १९२२ साली ते ओळखले. ते पापुद्र्यातच वास करते आणि विड्याच्या पानातील द्रव्यांप्रमाणे साखळी तोडते. या कामी झिजलेल्या जीवनसत्त्वाला जीवनसत्त्व क पुन्हा सावरून उभे करते. दुसरा पहारा ग्लुटाथायोन नावाच्या लहानशा गंधकयुक्त द्रव्याचा. ते देहातच तयार होते आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. इटलीतील फुल्व्हिओ उर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली डुकराच्या यकृतातून एक विकर वेगळे काढले. हे विकर ग्लुटाथायोनच्या साहाय्याने, पापुद्र्यात आधीच खवटून गेलेल्या माळांना निरुपद्रवी करते. म्हणजे जीवनसत्त्व ई आग पसरू देत नाही, तर हे विकर निखारे विझवत फिरते. पण विझवण्यास लागणारे पाणी म्हणजे ग्लुटाथायोन. ते संपले की विकर असूनही हात बांधल्यासारखे होते.

हा दुसरा पहारा मोठ्या संख्येने कोठे उभा आहे, हे पाहिले तर देहाच्या रचनेविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. फुप्फुसांच्या आतील पृष्ठभाग उलगडून पसरला तर तो सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल, आणि एवढा विस्तार बाहेरच्या हवेला अष्टौप्रहर उघडा असतो. त्या पृष्ठभागावर द्रवाचा जो पातळ थर असतो, त्यात ग्लुटाथायोनचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या शंभरपटीहून अधिक असते. शत्रू येण्याचा संभव जेथे अधिक, तेथे शिबंदी अधिक.

१९८४ सालच्या डिसेंबर महिन्यातील दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री भोपाळच्या उत्तरेस असलेल्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, टाकी तापली आणि सुमारे चाळीस टन विषारी द्रव्य वायुरूपाने नगरावर पसरले. हा वायू हवेहून जड. थंडीची रात्र, लोक निजलेले. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला आणि रेल्वे स्टेशनचा परिसर यांवर तो जमिनीलगत सरपटत आला. पुढे शासनाने निश्चित केलेला मृतांचा आकडा ३,७८७ होता. इतरांचे अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत. २००६ साली शासनाने दिलेल्या प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ नमूद आहे. १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथून चाकरीनिमित्त येथे आलेली मराठी कुटुंबेही याच हवेत श्वास घेत होती.

हमीदिया रुग्णालयात त्या रात्रीपासून रीघ लागली. डोळे उघडेनात, श्वास मिळेना. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांचे सहकारी यांनी दिवसरात्र शवविच्छेदने केली. त्यांना फुप्फुसे पाण्याने भरून नेहमीहून कितीतरी जड झालेली आढळली. हा वायू केवळ डोळे आणि फुप्फुसे पोळून थांबतो, तो रक्तात जात नाही, असे आरंभी अनेकांनी ठासून सांगितले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेतर्फे डॉ. श्रीरामाचारी यांच्या नेतृत्वाखाली जे काम झाले, त्यात रक्तातील हिमोग्लोबिनवर या वायूच्या संयोगाच्या खुणा सापडल्या आणि ते म्हणणे टिकले नाही. सायनाइड आणि थायोसल्फेट यांविषयीचा वाद त्याच काळातला. तो मोठा आणि कटू आहे, परंतु प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध दूरचा.

वायू देहभर पोचला कसा, हे पुढे कळले. मिथिल आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावतो, आणि गंधकयुक्त द्रव्यांशीही. ओले फडके तोंडावर धरून जे बसले ते इतरांहून बरे राहिले, असे वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी सांगितले आहे, त्याचे कारण यावरून समजेल. ज्यांच्यापाशी ओले फडके नव्हते, त्यांच्या फुप्फुसात शिरलेल्या वायूला सर्वप्रथम भेटले ते तेथे शिबंदी म्हणून उभे असलेले ग्लुटाथायोन. १९९१ साली सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून दाखवून दिले की, हा वायू देहात मोठ्या प्रमाणावर ग्लुटाथायोनशी जोडला जातो. एवढ्यावर भागले असते तर बरे होते; पहारेकरी कामी आला असे म्हणता आले असते. पण हा जोड कायमचा नसतो. ग्लुटाथायोन त्या विषाला स्वतःबरोबर रक्तातून दूरवर नेते आणि तेथे जोड सुटून विष पुन्हा मोकळे होऊ शकते. फितुरी नाही, पण परिणाम फितुरीचाच! एकीकडे पहारा रिता झाला आणि दुसरीकडे शत्रूला आत जाण्यास वाहन मिळाले.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. भोपाळची सारी हानी स्निग्ध द्रव्यांच्या खवटपणाने झाली, असे कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. या वायूने प्रथिनांवरही घाव घातले आणि ते घाव प्रथमचे होते. स्नेहाच्या दाहाचे काम प्रायः नंतर सुरू होते आणि लांब चालते. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातील डॉ. विजयन आणि त्यांचे सहकारी यांनी दुर्घटनेनंतर एक ते सात वर्षांच्या अवधीत काही पीडितांची फुप्फुसे आतून द्रवाने धुऊन, त्या द्रवातील पेशींची परीक्षा केली. ज्यांना वायूची बाधा अधिक झाली होती, त्यांच्या वायुकोशांत दाह करणाऱ्या पेशी अजूनही जमलेल्या होत्या. विष तर केव्हाच नाहीसे झालेले. मग या पेशी कोणाशी लढत होत्या? जंतू मारण्यासाठी या पेशी उच्छृंखल प्राणवायूचा मारा करतात. समोर जंतू नसला तरी मारा सुटला की तो शेजारच्या निरपराध पापुद्र्यांवर पडतो, तेथील स्नेह खवटतो, त्यातून निघालेली कडवट द्रव्ये आणखी दाहक पेशींना बोलावून आणतात. अक्रोडाच्या तेलातील साखळी तेलापुरती होती. येथे तिला पेशींचीही जोड मिळते. पीडितांपैकी अनेकांस वर्षानुवर्षे धाप लागते, त्याच्या अनेक कारणांत हे एक धरावे लागते.

खवटलेल्या पापुद्र्यामुळे पेशी मरते, हे जुनेच अनुमान होते. परंतु तो मृत्यू स्वतंत्र प्रकारचा आहे हे फार उशिरा कळले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्कॉट डिक्सन आणि ब्रेंट स्टॉकवेल यांनी त्यास ‘फेरॉप्टोसिस’ असे नाव दिले. ‘फेरम’ म्हणजे लोह. पेशीत ग्लुटाथायोन तयार होण्याची वाट बंद केली की, लोहाच्या साहाय्याने पापुद्र्यातील स्नेह अनावर खवटत जातो आणि पेशी फुटून मरते. लोह बांधून ठेवले तर ती वाचते. रक्तपुरवठा खंडून पुन्हा सुरू झालेले मूत्रपिंड, झटका आलेला मेंदू, विषबाधा झालेले यकृत यांत या मृत्यूचा वाटा असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. भोपाळच्या काळी हे नावच अस्तित्वात नव्हते. त्या वेळच्या वैद्यांस दोष देताना एवढे तरी ध्यानात ठेवणे न्याय्य होईल.

हृदयविकाराविषयीही असेच. सॅन डिएगो येथील डॅनियल स्टाइनबर्ग यांनी १९८९ साली हा विचार पुढे मांडला की, रोहिणीच्या भिंतीत शिरलेला कोलेस्टेरॉलवाहू कण खवटल्यानंतर विशेष घातक होतो. कारण सफाई करणाऱ्या पेशी त्या खवट कणाला अधाशासारख्या गिळतात, फेसाने भरल्यासारख्या फुगतात आणि भिंतीतच अडकून पडतात.

यावरून सहज सुचणारा उपाय म्हणजे जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि येथेच अनेकांची फसगत झाली. साडेनऊ हजारांहून अधिक हृदयरोगप्रवण स्त्रीपुरुषांवर झालेल्या ‘होप’ नावाच्या परीक्षणाचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. चार-साडेचार वर्षे रोज जीवनसत्त्व ई घेऊन हृदयविकार वा मृत्यू यांत काही उणे झाले नाही. फिनलंडात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गाजरातील बीटा-कॅरोटीन गोळीरूपाने दिले, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. हे १९९४ साली उघड झाले. गाजर खाणे आणि त्यातील एक द्रव्य वेगळे काढून वर्षानुवर्षे गिळणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. धाप लागणाऱ्या वृद्धांच्या हाती ‘शरीर शुद्ध करणाऱ्या’ महागड्या गोळ्या देणारे जागोजाग भेटतात. त्यांच्यापाशी शास्त्र अर्धेच असते, आणि अर्धे शास्त्र विकण्यास सोपे जाते.

खाण्याच्या तेलातूनही हा दाह थेट देहात उतरू शकतो, याचे प्रत्यंतर दिल्लीत १९९८ साली आले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते. त्या बिया मोहरीसारख्याच दिसतात. पाय सुजणे, धाप, हृदय दुर्बळ होणे अशी लक्षणे हजारोंना झाली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना अशा रुग्णांच्या रक्तात स्निग्ध द्रव्ये खवटल्याच्या खुणा आणि पहारेकरी द्रव्यांची उणीव, दोन्ही आढळली.

उत्सवाच्या दिवसांत मठाच्या मोठ्या कढईत सकाळी पुऱ्या, दुपारी भजी आणि सायंकाळी पुन्हा पुऱ्या तळल्या जातात, आणि उरलेल्या काळसर तेलात नवे तेल ओतून काम पुढे चालते. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु जुन्या तेलात साखळीच्या ठिणग्या तयार असतात आणि नवे तेल ओतले की त्या त्यालाही लागतात, म्हणजे नवे तेल वाचत नाही, जुन्यासारखे होते. तळणीच्या तेलात बिघडलेल्या द्रव्यांचे प्रमाण शेकडा पंचवीसच्या वर गेल्यास ते वापरू नये, असा दंडक भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून घातला आहे. आचाऱ्यापाशी मोजण्याचे साधन नसते. पण तेल काळे पडणे, दाट होणे, फेस येणे आणि लवकर धूर निघणे या खुणा त्यास पुरेशा आहेत. असे तेल समईतही घालू नये. ते काजळी अधिक धरते. तुपाचे आणि तेलाचे डबे तोंडोतोंड भरलेले, झाकलेले आणि उन्हापासून दूर ठेवले की महिनोन्महिने टिकतात.

राहता राहिला धूर. धूप, कापूर आणि उदबत्ती यांचा सुवास प्रिय आहे, परंतु बंद गाभाऱ्यात कोंडलेला धूर फुप्फुसातील त्याच ग्लुटाथायोनचा व्यय करतो. १९८४ च्या त्या रात्री ज्यांनी लहानपणी तो वायू घेतला, ती मंडळी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि उत्सवाच्या गर्दीत ती कोठे बसली आहेत हे ओळखू येत नाही. आरती होताच दोन्ही बाजूंची दारे उघडावी, आणि धुपाटणे सभामंडपातून फिरवण्याऐवजी ओट्यावर ठेवावे.